नंबर बघलंस काय?

ती गोष्ट मी चहाबरोबर सांगायला नको होती. जत्रेसाठी आजोळी गेले होते. जानेवारीचा महिना, सकाळचे साडेनऊ-दहा वाजलेले. फाटकापलीकडच्या दुकानातून साखर नि अगरबत्ती घेऊन आले, पडवीत टेकले, मामीने चहा पुढे केला, आणि कुणाच्या लग्नातली गंमत सांगावी तसं मी सगळं सांगून टाकलं. फाटकाजवळ रूळ तपासणारे मशीनवाले आले होते. एका सांध्यावर त्यांनी लाल रंगाने तीन फुल्या मारल्या. आता गाड्या तिथून हळूहळू जाणार. मामी म्हणाली, "अगो बाय, आणि तू त्याच गाडयेन परत जातलंस मा?" मामा उकिडवा बसून बशीतून चहा पीत होता. त्याने बशी खाली ठेवली आणि विचारलं, "नंबर बघलंस काय?"

"कसला नंबर?"

त्यावर तो काही बोलला नाही. बशीतला उरलेला चहा त्याने परत कपात ओतला आणि कप सारवलेल्या जमिनीवर ठेवून दिला. मामा कपातून बशीत ओततो, हे मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून बघत आलेय. बशीतून परत कपात ओतताना त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग तो उठला आणि मांगरात जाऊन काहीतरी शोधू लागला. मांगरात शोधण्यासारखं काही नव्हतं.

मी पाहिलं होतं ते एवढंच. फाटक बंद होतं म्हणून थांबले होते. रुळावर एक छोटी ढकलगाडी उभी, तिच्यावर पाण्याचं कॅन, एक चौकोनी पडदा, आणि खाली रुळाच्या माथ्याला चिकटून सरकणारे दोन-चार ठोकळे. कॅनमधलं पाणी बारीक नळीने त्या ठोकळ्यांखाली सतत झिरपत होतं, त्यामुळे मागे रुळावर ओल्या गोगलगायीसारखा माग राहत होता. नारंगी जॅकेटातली चार-पाच माणसं होती. पडद्याकडे बघणारा मुलगा फार तर तिशीचा, टोपीवरून रुमाल बांधलेला. तो थांबला, गाडी दोन पावलं मागे घेतली, परत पुढे नेली. मग खिशातून वाटाण्याच्या शेंगेएवढी वस्तू काढावी तसा एक छोटा ठोकळा काढला, वायर जोडली, सांध्यावर ग्रीससारखं काहीतरी फासलं आणि गुडघ्यांवर बसून तो ठोकळा हाताने अगदी हळू फिरवायला लागला. डोळे पडद्यावर, हात रुळावर. ते जेल बघून माझ्या पोटावर काटा आला. सोनोग्राफीवाली बाई लावते ते थंडगार जेल आठवलं, आणि तिचं ते काही न बोलता पडद्याकडे बघत राहणं. इथेही कुणी बोलत नव्हतं. मुलाने मान न वळवता हात मागे केला, कुणीतरी त्याच्या हातात रंगाचा डबा दिला.

फुल्या मारून झाल्यावर मी फाटकाच्या दांडीवरून त्याला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "आतून आहे, मॅडम. वरून काही दिसत नाही." वरून खरंच काही दिसत नव्हतं. बाकीच्या रुळासारखाच रूळ, माथा चकचकीत, पोट गंजलेलं. तोवर दुसऱ्या दोघांनी मधोमध फुगवटा असलेल्या दोन लोखंडी पट्ट्या आणून सांध्याला दोन्ही अंगांनी लावल्या आणि क्लॅम्प आवळले. मोडक्या हाताला कामट्या बांधतात तसं.

मामा रेल्वेत होता हे सांगायचं राहिलं. लाइनीत जमीन गेली त्यांच्या घरातल्या माणसांना नोकऱ्या मिळाल्या, त्यातला तो. व्हाळाच्या अंगाची नाचण्याची जमीन आणि काजूची बारा झाडं गेली. खळ्यातून आता समोर भराव दिसतो, त्याच्यावरून गाडी जाते तेव्हा तुळशीवृंदावनातली पणती थरथरते. आमच्याकडे कोकण रेल्वे कशी आली ते इथल्या पोरांनासुद्धा पाठ आहे. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल, अख्खी लाइन सुरू झाली ती तारीख २६ जानेवारी १९९८. बोगद्यापुलांचे आकडे सगळे सांगतात, सांध्यांचे कुणी सांगत नाही. रूळ कारखान्यातून साधारण तेरा मीटर लांबीचा येतो असं धरलं तर एका किलोमीटरात दोन्ही बाजूंचे मिळून दीडशेच्या वर सांधे होतात. त्यातले बरेच मोठ्या यंत्रात विजेवर तापवून, टोकाला टोक दाबून आधीच केलेले असतात. पण शेवटी लांबच लांब तुकडे जागेवर आणून टाकले की ते तिथेच, उन्हात बसून, हाताने जोडावे लागतात. मामा १९९६ साली ते जोडणाऱ्या टोळीत होता. वेल्डर नव्हे, हेल्पर. माती मळणारा.

"उस्ताद मिरजेकडचो होतो," हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की मिरज म्हटलं की मला तंतुवाद्यं आठवायच्या आधी वेल्डिंग आठवतं. उस्तादाला पान लागायचं, पण काम सुरू झालं की तोंड रिकामं. वेल्डिंगची भुकटी पिशवीतून यायची, एका सांध्याला एक पिशवी. आमच्या हवेत मीठ नि पाणी दोन्ही, पापड उघडा राहिला तर तासाभरात सादळतो. भुकटीला नाहीतर साच्याला ओल लागली की तापलेला रस आत फसफसतो आणि जोडात बुडबुडे राहतात. म्हणून उस्ताद राहुटीत पिशव्यांची रास उशाशी घेऊन निजायचा. "बायलेकसुद्धा कोण इतक्या संभाळणा नाय," असं मामा म्हणायचा आणि मामी आतून भांडं आपटायची. वेल्ड झाला की शेजारी रुळाच्या पोटावर ठोकून खूण करायची: महिना, साल, कुणी केला त्याचा नंबर, कितवा सांधा ते. उस्तादाचा नंबर सतरा होता. ती अक्षरं कधीकधी मामा ठोकायचा. उस्ताद पंच हातात द्यायचा आणि म्हणायचा, नीट मार, हे माझं नाव आहे.

म्हणजे मामाचा प्रश्न असा होता, की आतून गेलेला तो सांधा सतरा नंबरचा आहे का.

मला हे उमगायला दुपार झाली. तोवर मी आंघोळ केली, आंबोळ्या खाल्ल्या, कलमांखाली फिरून आले. मोहोर चांगला धरलाय, फवारणीचा वास नाकात बसतो. मग एकदम लक्षात आलं आणि स्वतःचाच राग आला. मी तिथे होते, चार पावलांवर. वाकून बघितलं असतं तर वाचता आलं असतं. दुसरा राग मामाचा आला. फाटक दहा मिनिटांवर आहे. गुडघे दुखतात हे खरं, पण देवळात तो रोज जातो आणि देऊळ फाटकाहून लांब आहे.

मामा नंतर चावीवाला झाला, तो रिटायर होईपर्यंत. घराजवळच्या रुळावर त्याला कधी ड्यूटी लागली नाही, त्याचं बीट दोन स्टेशनं पलीकडे. रोज सकाळी खांद्यावर हातोडा, कमरेला पाना, पिशवीत लाल-हिरवे बावटे आणि गाडी थांबवायला रुळावर लावायचे फटाके, आणि पाच-सहा किलोमीटर रुळामधून चालत जायचं. स्लिपरावर रूळ धरून ठेवणारी चावी ढिली झाली असेल तर ठोकून बसवायची. सगळ्या चाव्या ठोकून बघायची गरज नसते, असं तो सांगायचा. घट्ट चावी हातोड्याला नुसतं "टण" म्हणते, ढिली दोन शब्द बोलते. ही सवय त्याच्या हाताला अशी लागली की घरात कुठलीच वस्तू तो न वाजवता घेत नाही. फणस वाजवतो हे सगळेच करतात. हा मडकं वाजवतो, कौल वाजवतो, चिऱ्याची गाडी आली की प्रत्येक चिऱ्यावर कोयत्याची पाठ मारून बदबद बोलणारा चिरा बाजूला काढतो. माझ्या लग्नात दिलेली पितळी समई त्याने सराफकट्ट्यावर दुकानदाराच्या नाकासमोर नखाने वाजवून बघितली होती. मी लाजेने अर्धी झाले होते. समई अजून आहे, तिच्यात खोट नाही.

तर मशीनवाल्या मुलाचं कामही वाजवण्याचंच, फक्त त्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. माणसाचा कान सेकंदाला फार तर वीस हजार कंपनांपर्यंत पोचतो. त्या ठोकळ्यातला स्फटिक वीस लाख, चाळीस लाख वेळा थरथरतो. पोटातलं बाळ बघणारा आवाज साधारण याच पट्टीतला. सरळ खाली सोडलेला आवाज रुळाच्या तळावर आपटून परत आला की समजायचं, मधे काही नाही. मधूनच परत आला किंवा आलाच नाही, तर मधे काहीतरी आहे. पण रुळातली भेग नेहमी सरळ आडवी बसलेली नसते, म्हणून काही ठोकळे पंचेचाळीस अंशांत बघतात, काही सत्तर अंशांत, विहिरीत वाकून बाजूच्या कपारीत बघावं तसं. मधे पाणी कशाला, तर ठोकळा आणि रूळ यांच्यात केसभर हवा राहिली तरी आवाज आत शिरत नाही. वेल्डच्या पोटाला, जिथे रुळाचा उभा भाग पायाला मिळतो त्याच्या खाली, एक खास भेग होते. चंद्रकोरीसारखी. तिला तपासणारे "हाफ मून" म्हणतात. हे सगळं मला मामानेच पूर्वी सांगितलेलं. मशीनबद्दल बोलताना त्याच्या आवाजात शेजारच्या हुशार मुलाचं कौतुक करणाऱ्या माणसाचा सूर असतो, ज्याचा स्वतःचा मुलगा दहावीत बसलाय.

संध्याकाळी तो आपण होऊन बोलायला लागला, पण नंबरबद्दल नाही. थंडीबद्दल. "थंडयेत रूळ वढता," म्हणाला. रूळ उन्हाने वाढतो, थंडीने आखडतो. एक किलोमीटर मोकळा रूळ चाळीस अंशांनी तापला तर सेहेचाळीस सेंटीमीटर वाढेल, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत, बरोबर एक हात. पण तो मोकळा नसतोच. हजारो चाव्या, स्लिपर आणि खडी मिळून त्याला धरून ठेवतात. फक्त दोन्ही टोकांकडचे शंभरेक मीटर हलतात, त्यांना रेल्वेत "श्वास घेणारी लांबी" म्हणतात. मधला रूळ श्वास घेत नाही. उन्हाळ्यात तो वाढायला बघतो आणि वाढू शकत नाही, थंडीत आखडायला बघतो आणि आखडू शकत नाही. ते सगळं आत साठतं. आमची थंडी कसली, म्हणेल घाटावरचा माणूस, पण जानेवारीत पहाटे पायाला दव लागतं आणि दुपारी बाराला रुळाला हात लावता येत नाही. जिथे जोड कच्चा असेल तिथे पहाटे तो सुटतो. मामाने चाकरीत असा पूर्ण तुटलेला सांधा एकदाच पाहिला, असाच जानेवारी, सहा वाजता, करंगळी जाईल एवढी फट. गाडीची वेळ झालेली. तो बाराशे मीटर धावला, कारण फटाके तितक्या लांब लावावे लागतात, आणि बावटा धरून उभा राहिला. गाडी थांबली. एका माणसाने खिडकीतून डोकं काढून विचारलं, किती लेट करणार? मामा ही गोष्ट हसत सांगतो. मला कधी हसू आलं नाही.

मराठीत जोडायला किती शब्द आहेत ते मी त्या रात्री अंथरुणात पडल्यापडल्या मोजत होते. भांड्याला भोक पडलं की "डाग" देतात. डाग म्हणजे कपड्यावरचाही, आणि अंगावर घालायचा दागिनाही. सोनार "झाळ" लावतो. हाड "सांधतं". आणि रेल्वेतला "सांधा" म्हणजे खरं तर जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा, सांधेवाला तो बदलतो. वेल्डला मात्र आपल्या बोलण्यात शब्दच नाही. वेल्डच म्हणतात. मला वाटतं याचं कारण असं, की आपले सगळे जोड दिसणारे आहेत. डाग दिसतो, झाळ जवळून दिसते, ठिगळ तर लांबून दिसतं. जोडून झाल्यावर जोड नाहीसा व्हावा ही अपेक्षाच आपण कधी कशाकडून केली नव्हती. माझी आई पुण्याकडच्या गाडीत लहानपणी झोपायची ती फिशप्लेटच्या, म्हणजे दोन रूळ बोल्टांनी जोडणाऱ्या पट्ट्यांच्या खटखटीवर, दर तेरा मीटरला एक. आमच्या लाइनीवर ती खटखट मला आठवतच नाही. स्टेशनात शिरताना सांधे बदलतात तेवढाच काय तो खडखडाट.

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्लॉक मिळाला, म्हणजे कामासाठी गाड्या बंद. मामा म्हणाला, "बघूक येतलंस?" आम्ही भरावाखालच्या बांधावर जाऊन बसलो, रुळापासून तीस-चाळीस पावलांवर. त्याच्या पुढे तो गेला नाही. एक सांधा काढायचा म्हणजे दोन्ही अंगांचा रूळ कापून सहा मीटरचा नवा तुकडा घालायचा, म्हणजे एकाच्या जागी दोन सांधे होतात. आता रुंद फटीचा वेल्डही निघालाय, त्यात एकाच्या जागी एकच होतो, पण त्या दिवशी दोनच केले. कापायच्या चकतीने ठिणग्यांचा पिसारा फुलवला आणि जुना तुकडा मोकळा झाला. मीटरला पन्नास किलोच्या वर, म्हणजे सगळा मिळून तीनशेच्या वर वजन. चिमट्यांनी धरून, "हुईऽऽसा" करत त्यांनी तो उचलला आणि खडीच्या कडेला टाकला. पडताना जो आवाज झाला त्याने मामाने मान वर केली. मी त्याच्याकडे बघितलं, पण त्याला त्या आवाजातून काय कळलं, किंवा काही कळलं की नाही, ते चेहऱ्यावर आलं नाही.

नवा तुकडा बसवला. दोन्ही टोकांना बोटभर, पंचवीस मिलिमीटर फट ठेवली. आता जो बसला तो वेल्डर. आडदांड, पांढऱ्या मिशा, गळ्यात काळा चष्मा. मीटरभराची सरळ पट्टी रुळावर ठेवून त्याने गाल खडीला टेकवला आणि पट्टीखालून उजेड कुठे येतो ते बघितलं. सांधा किंचित वर उचलून ठेवतात, निवताना तो बसतो म्हणून. किती वर, हे मापाने ठरलेलं आहे, पण तो गाल टेकवून पडला होता तो बराच वेळ. वाळूच्या साच्याचे दोन अर्ध दोन्ही बाजूंनी आवळले आणि एक पोरगा कडांना ओली माती लिंपायला लागला. "जाड लावता हा," मामा पुटपुटला. मग माझ्याकडे वळून, "माती आत पडली काय झाला काम." पोराने माती निपटून काढली आणि परत पातळ लावली, जणू त्याने ऐकलंच होतं.

बर्नर लावला. निळी ज्योत साच्यात वरून घुसली आणि खालून फुरफुरत बाहेर यायला लागली. मामाने घड्याळ बघितलं नाही, पण हाताची बोटं मांडीवर वाजत होती. तापवणीत घाई केली की जोड वरून लागतो, आतून लागत नाही. रस ओतलेला असतो, दिसायला एकजीव असतो, पण रुळाचं थंड टोक त्याला आपल्यात घेत नाही. बर्नर काढला तेव्हा साच्याच्या आत रूळ पिकल्या रतांब्यासारखा लाल दिसत होता. वर मडकं बसवलं, त्यात पिशवीतली भुकटी. अॅल्युमिनियमचा कीस आणि लोखंडाचा गंज, मुख्य एवढंच. हान्स गोल्डश्मिट नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याचं पेटंट १८९५ साली घेतलं. शुद्ध क्रोम आणि मँगनीज कसं मिळवावं ह्याच्या मागे तो होता, रूळ त्याच्या डोक्यात नव्हते. चार वर्षांनी एसेन गावात ट्रामचे रूळ याने जोडले. अॅल्युमिनियम गंजातला प्राणवायू हिसकावून घेतं आणि लोखंड मोकळं होतं. त्या हिसकाहिसकीत अडीच हजार अंशांच्या आसपास आग होते. हे सगळं पेटवायला काय लागतं, तर फुलबाजी. दिवाळीतली असते तशीच. वेल्डरने ती पेटवून भुकटीत खोचली, झाकण लावलं आणि सगळे मागे सरले.

वीस सेकंद. आधी नुसता घूं असा आवाज, मग झाकणाच्या भोकातून पांढरा लोळ, इतका पांढरा की भर दुपारी आमच्या सावल्या उलट्या पडल्या. मामाने हात आडवा धरून डोळे झाकले. मग मडक्याचं बूच आपोआप वितळलं आणि रस साच्यात उतरला, तो दिसत नाही, फक्त आवाज बदलतो, उकळत्या पेजेत गार पाणी ओतावं तसा. वरचा मळ बाजूच्या वाटीत ओघळला आणि लाल-काळा होत गेला. काही मिनिटांनी साचा फोडला, तापल्या सांध्याचा वर आलेला भाग यंत्राने गुळाची ढेप कापावी तसा कापून काढला. वास आला जळक्या वाळूचा, पेट्रोलचा, आणि कुठून तरी काजूच्या मोहोराचा. मग दुसरा सांधा. शेवटी घासणं. आणि सगळ्यात शेवटी तो पांढऱ्या मिशीवाला गुडघ्यावर बसला, पंच आणि हातोडी घेतली, आणि ठोकायला लागला. टक्. टक्. टक्. अर्धा तास निवू दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. त्या अर्ध्या तासात ती सगळी माणसं खडीवर बसून डब्यातली भाजी-भाकरी खात होती, आणि रूळ शेजारी निवत होता.

मी ठाण्यात एका पतपेढीत आहे. दिवसाला शंभर कागदांवर माझी सही होते. अठ्ठावीस वर्षांनी त्यातली एखादी कुणी वाकून बघेल, अशी शंकासुद्धा मला कधी आलेली नाही.

जत्रेच्या दिवशी पहाटे मी एकटीच फाटकापर्यंत गेले. दव पडलेलं, फाटकवाल्याने शेगडी पेटवलेली. जुना तुकडा कडेला तसाच होता, तीन लाल फुल्या आकाशाकडे करून. फाटकवाल्याला सांगून मी खाली उतरले, ओढणीने रुळाचं पोट पुसलं, मग एक रुपयाचं नाणं काढून गंज खरवडला. खपल्या निघाल्या. १९९६ मधला ९६ नीट लागला, बोटाला लागतो तसा. सांध्याचा आकडा अर्धा गेलेला. आणि मधे सात. साताच्या आधी एक उभी रेघ होती. ती एकाचा आकडा होता की गंजाचा चरा, हे मी दोन्ही बाजूंनी उजेड धरून बघितलं. मोबाइलची बॅटरी लावून बघितलं. बोटाने चाचपलं. रेघ होती एवढं नक्की.

मामा देवळात न्यायचे नारळ निवडत होता. एक नारळ कानाशी धरून हलवला, नखाने वाजवला, बाजूला ठेवला. मी म्हटलं, "मामा, सात दिसतो. त्याच्या आधी काय आहे ते कळत नाही. गंज आहे." खोटं सांगणं सोपं होतं, कुठल्याही बाजूचं. त्याने दुसरा नारळ उचलला. "सात नंबरचोपण एक होतो," म्हणाला. "खेडाकडचो. बरो मनीस होतो." नारळ वाजवला. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "अठ्ठावीस वर्सां. माझो गुडघो बघ." आणि मामीला हाक मारून म्हणाला, की तुझ्या भाचीची ओढणी गंजाने माखलीय, लिंबू चोळायला दे. तो डाग गेला नाही.

जत्रेबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. पालखी, खाजं, मध्यरात्री दशावतार, संकासुर आला की अजूनही मुलं आईच्या पदरात शिरतात. मामा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून पहाटेपर्यंत जागला.

दुसऱ्या रात्री कुडाळला कोकणकन्यात बसले. बर्थवर चादर अंथरली तोवर गाडीचा वेग उतरला. ताशी तीसच्या वर न जाण्याचा कॉशन अजून होता. मी दिवा घालवून खिडकीला कान लावला. बाहेर काळोखात फाटकाचा लाल दिवा, मग मामाच्या खळ्यातला पिवळा बल्ब, त्याच्याखाली कुणीतरी उभं. मी श्वास धरून खालचा आवाज ऐकत होते. चाकांची घरघर, वरच्या बर्थवरच्या माणसाचं घोरणं, पुढच्या डब्यात रडणारं पोर. तेवढ्यात फोन वाजला.

"आवाज इलो काय?" मामा.

"हो, येतोय."

पलीकडे एकदम शांतता. मग घशात अडकलेला आवाज, "इलो? खंय? पयल्याक की दुसऱ्याक?"

"नाय, नाय मामा, तुझो आवाज येता. फोनवरचो. रुळाचो नाय."

"रुळाचो नाय?"

"नाय."

"कायच नाय?"

"कायच नाय."

गाडीने वेग घेतला. फोनमध्ये लांबून तीच गाडी ऐकू येत होती, तिच्याच आतून मी ऐकत होते.

"मगे ठीक," मामा म्हणाला. "नीज आता."